वजनकाट्यावर न दिसणारी वाढ

मेळघाटातल्या मुलांविषयी गेल्या तीस वर्षांत मराठीत पुष्कळ लिहिले गेले, आणि त्यातले बहुतेक सगळे त्यांच्या मृत्यूंविषयी आहे. १९९३ साली धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतले बालमृत्यू वर्तमानपत्रांतून गाजले. तेव्हापासून दर पावसाळ्यात नवा आकडा येतो, विधिमंडळात प्रश्न निघतो, उच्च न्यायालय सरकारला जाब विचारते, पथके येतात आणि जातात. या दबावाचा उपयोग झाला नाही असे कोणी म्हणू नये. बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे, उतावलीला डॉ. आशीष सातव अशा माणसांनी तिथेच घर करून काम केले. आशाताई आणि अंगणवाडी सेविका वाडी-वस्तीपर्यंत पोचल्या. मूल जगवण्याची एक व्यवस्था, उणिवांसकट का होईना, उभी राहिली. पण या व्यवस्थेची मोजपट्टी आजही तीन-चार आकड्यांची आहे. मूल जिवंत आहे ना, वजन किती, उंची किती, दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या वर आहे की खाली. घेर वर सरकला, वजन भरले, की नाव ‘सॅम’च्या, म्हणजे अतितीव्र कुपोषितांच्या, यादीतून निघते आणि सरकारी अर्थाने ते मूल सुटते. ज्या महिन्यांत त्याचे वजन घसरत होते त्याच महिन्यांत त्याच्या मेंदूत एक प्रचंड बांधकाम चालू होते. त्या बांधकामाचे काय झाले, हे विचारणारा रकाना कुठल्याही नोंदवहीत नाही. मेंदूच्या प्रतिमा घेऊन मुलांच्या श्वेतद्रव्याचा विकास अभ्यासण्याचे शास्त्र वऱ्हाडच्या वाचकापुढे मांडावे असे वाटते ते एवढ्यासाठी. माझे म्हणणे असे की हे शास्त्र मुलाची परीक्षा घेण्यासाठी वापरू नये. आपल्या योजनांची परीक्षा घेण्यासाठी वापरावे, आणि त्यासाठी ते अमरावती-अकोल्यापर्यंत, धारणीपर्यंत आणणे हे चैनीचे काम नाही.

मेंदू कापून पाहिला तर वरचा थर करडा दिसतो आणि आतला भाग पांढरट; तेच श्वेतद्रव्य. करड्या थरात चेतापेशींची केंद्रे असतात, पांढऱ्या भागात त्या पेशींचे लांब तंतू. पांढरा रंग येतो तो या तंतूंभोवती गुंडाळलेल्या मायलिन नावाच्या स्निग्ध आवरणामुळे. त्याच्या कोरड्या वजनाचा सुमारे सत्तर टक्के भाग स्निग्ध पदार्थांचा असतो. आवरण नसलेल्या तंतूतून संदेश सेकंदाला एखाद-दोन मीटर सरकतो. जाड आवरण असलेल्या तंतूतून तो सेकंदाला शंभर मीटरपर्यंत धावतो. शिवाय प्रश्न नुसत्या वेगाचा नाही. डोळ्यांनी पाहिलेले, कानांनी ऐकलेले आणि हातांनी करायचे हे सगळे मेंदूच्या वेगवेगळ्या भागांत ठरल्या वेळी पोचले तरच त्याची एक कृती होते. वाचणे, बेरीज करणे, ऐकलेली गोष्ट लक्षात ठेवून पुन्हा सांगणे या सगळ्यांच्या मुळाशी वेळेचा हा मेळ आहे. मायलिन चढण्याचा क्रम ठरलेला असतो. लाइपझिगचे पॉल फ्लेक्सिग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मृत अर्भकांचे मेंदू तपासून तो प्रथम दाखवला: आधी संवेदना आणि हालचालींचे मार्ग, मग दूरदूरच्या भागांना जोडणारे मार्ग, आणि अगदी शेवटी कपाळामागचे. पहिली धाव गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत सुरू होते आणि मुलाच्या दुसऱ्या वाढदिवसापर्यंत तिचा जोर सर्वांत जास्त असतो. पुढे गती मंदावते, पण काम थांबत नाही. २०२२ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या मेंदूच्या प्रतिमांच्या एका मोठ्या संकलनानुसार करड्या द्रव्याचे आकारमान साधारण सहाव्या वर्षी शिगेला पोचते, तर श्वेतद्रव्याचे जवळजवळ एकोणतिसाव्या वर्षी.

जिवंत मुलात हे बघता येऊ लागले ते एमआरआय आल्यावर. क्ष-किरण नाहीत, सुई नाही, त्यामुळे निरोगी मुलाचीही प्रतिमा घेता येते आणि तीच तपासणी सहा महिन्यांनी पुन्हा करता येते. तान्ह्या बाळासाठी भुलीची गरजही सहसा पडत नाही. आईने पोटभर पाजायचे, दुपट्यात घट्ट गुंडाळायचे, कानांत बोळे घालून वर कानपट्टी चढवायची, झोप गाढ लागेपर्यंत थांबायचे आणि मग हळूच मशीनच्या पोकळीत ठेवायचे. मशीन ठकठकत राहते आणि बाळ झोपेतच असते. नवजात बाळाची ‘टी-१’ पद्धतीची प्रतिमा पाहिली तर मोठ्या माणसाच्या अगदी उलट चित्र दिसते: श्वेतद्रव्य गडद आणि बाहेरचा थर उजळ, कारण मायलिन अजून चढलेलेच नाही. त्या गडद भागात मेंदूच्या देठाजवळ आणि हातापायांच्या हालचालींचा मार्ग जिथून जातो तिथे एक बारीक उजळ रेघ तेवढी असते. मग महिन्यामहिन्याने उजळपणा पसरत जातो. दोन्ही गोलार्धांना जोडणाऱ्या पट्ट्याचा मागचा भाग साधारण चौथ्या महिन्यात उजळतो, पुढचा सहाव्यात. अर्ध्या वर्षाच्या आसपास अशी वेळ येते की करडे आणि पांढरे वेगळे ओळखूच येत नाही, आणि त्यानंतर चित्र मोठ्या माणसासारखे होऊ लागते. मान धरणे, पालथे पडणे, बसणे, बोट धरून उभे राहणे, हे सगळे जी आजी कुठलेही यंत्र न वापरता टिपून ठेवते, त्याचे आतले वेळापत्रक या प्रतिमांत दिसते.

यापुढचे पाऊल म्हणजे तंतूंची दिशा पाहणे. मेंदूतल्या पाण्याचे रेणू सतत इकडेतिकडे हलत असतात. मोकळ्या जागी ते सगळ्या दिशांना सारखे पसरतात. पण जिथे हजारो तंतू एका दिशेने मांडलेले आहेत आणि त्यांना आवरणे आहेत, तिथे पाणी कपाशीच्या सरीतल्या पाण्यासारखे लांबीने सहज जाते आणि आडवे जायला अडते. डेनी ल बिहाँ यांनी १९८०च्या दशकाच्या मध्यावर पाण्याची ही हालचाल एमआरआयने मोजण्याची पद्धत बसवली. १९९४ साली पीटर बॅसर, जेम्स मॅटिएलो आणि ल बिहाँ यांनी तिला तीन दिशांचे गणित दिले. त्यातून निघणारा एक आकडा या क्षेत्रात सर्रास वापरला जातो: पाण्याचा ओघ किती एकदिशा आहे हे शून्य ते एकच्या पट्टीवर सांगणारा. मूल वाढते तसा तो बहुतेक मार्गांत वाढतो. मात्र हा आकडा म्हणजे मायलिन नव्हे. तंतू जाड झाले, जास्त दाटीने बसले, तरीही तो वाढतो. दोन मार्ग एकमेकांना छेदत असतील तर तंतू उत्तम असूनही तो कमी दिसतो. आणि मूल मशीनमध्ये थोडे जरी हलले तरी बिघडतो. चुळबुळ्या मुलांचे श्वेतद्रव्य ‘कमकुवत’ असल्याचे निष्कर्ष कधीकधी त्या चुळबुळीतूनच आलेले असू शकतात. म्हणूनच अलीकडे मायलिनच्या थरांत अडकलेले पाणी वेगळे मोजण्याच्या पद्धती जोडीला वापरतात. या मर्यादा आरंभीच सांगितल्या, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्या ध्यानात ठेवूनच करायचा आहे.

मायलिन हवेतून तयार होत नाही. ते बनवणाऱ्या पेशींना स्निग्धाम्ले लागतात, लोह लागते, फॉलेट, बी-१२ आणि आयोडीन लागते. मेंदूतल्या सगळ्या पेशींत लोहाचा साठा सर्वांत जास्त असतो तो याच पेशींत. आता आपल्याकडची यादी पाहू. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय होता आणि पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी होती. हे राज्याचे आकडे आहेत. सातपुड्याच्या कुशीतल्या गावांत काय असेल याचा अंदाज यावरून बांधता येतो. रक्तक्षयाचा मेंदूशी संबंध हा नुसता तर्क नाही. चिलीतल्या संशोधकांनी १९९८ साली दाखवले की लोहाची कमतरता असलेल्या सहा महिन्यांच्या बाळांत कानाकडून मेंदूच्या देठातून वर जाणारा संदेश इतर बाळांपेक्षा उशिरा पोचतो. लोह देऊनही तो फरक पुढे टिकून राहिला, चार वर्षांच्या वयातही आढळला. पुण्याचे उदाहरण आपल्या अधिक जवळचे. के. ई. एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवतींची नोंद ठेवली. त्यातल्या ज्या आयांच्या रक्तात गरोदरपणी बी-१२ फार कमी होते, त्यांची मुले नऊ वर्षांची झाल्यावर एकाग्रता आणि अल्पकालीन स्मृतीच्या चाचण्यांत मागे पडली, असे २००८ साली त्यांनी प्रसिद्ध केले. तो निष्कर्ष कागद-पेन्सिलीच्या चाचण्यांवरचा आहे. आईचे रक्त हे एक टोक आणि मुलाची चाचणी हे दुसरे टोक. मधली नऊ वर्षे मेंदूत काय घडले, त्यातला श्वेतद्रव्याचा वाटा किती, आणि सुधारायला उशीर नेमका कधी झाला, हे प्रतिमांखेरीज कळणार नाही.

‘मग जगात एवढे संशोधन झाले आहे, तेच वापरा, मेंदू सगळीकडे सारखाच’ असे कोणी म्हणेल. क्रम सारखा असतो, हे खरे. पण वेग, आणि इजेचे स्वरूप? वर ज्या ‘नेचर’मधल्या संकलनाचा उल्लेख केला त्यात १,०१,४५७ व्यक्तींच्या १,२३,९८४ प्रतिमा होत्या, आणि त्यात युरोप व उत्तर अमेरिकेचे पारडे फार जड आहे हे त्या संशोधकांनीच मान्य केले आहे. भारतात बंगळुरूच्या निम्हान्सच्या पुढाकाराने सहा वर्षांपुढच्या मुलांच्या प्रतिमा जमल्या, भारतीय मेंदूचे वयानुसार नमुना-नकाशे २०२० साली तयार झाले. आयआयटी मद्रासने २०२४च्या अखेरीस गर्भाच्या मेंदूच्या ५,१३२ छेदांचा नकाशा खुला केला. ही मोठीच कामे आहेत. पण गर्भ आणि सहा वर्षे यांच्या मधला काळ, म्हणजे मायलिनचा खरा हंगाम, त्यांत येत नाही. आणि उसने ज्ञान तसेच लावले की काय होते याचे एक दुःखद उदाहरण आपल्यापुढे आहे. जन्मताच न रडलेल्या, प्राणवायू कमी पडलेल्या बाळाचे शरीर तीन दिवस थंड ठेवले तर त्याचा मेंदू वाचतो, हे श्रीमंत देशांत सिद्ध झाले होते. हीच पद्धत भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या सात रुग्णालयांत ४०८ बाळांवर काटेकोरपणे तपासली गेली. मुंबईचे शीव रुग्णालय त्यांत होते. २०२१ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये निकाल आला: थंड ठेवलेल्या गटात ४२ टक्के बाळे दगावली, नेहमीच्या उपचारात ३१ टक्के. आपल्याकडच्या अशा बाळांच्या एमआरआयमध्ये श्वेतद्रव्याची इजा ठळकपणे दिसते. म्हणजे इजा प्रसूतीच्या शेवटच्या घटकेत एकदम न होता आधीपासून सावकाश होत आली असण्याची शक्यता आहे. ‘बाळ रडलेच नाही’ हे शब्द अमरावतीच्या डफरीन आणि अकोल्याच्या लेडी हार्डिंग रुग्णालयांत ऐकू येतात तसे लंडनमध्येही येत असतील. पण त्यामागची कथा एक नाही.

काही प्रश्न तर वऱ्हाडानेच विचारायला हवेत. विदर्भात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे आणि ‘एसएस’, म्हणजे पूर्ण आजार, असलेल्या मुलाचे दुखणे म्हणजे सांधे, पोट, कावीळ, रक्त चढवणे, एवढेच आपण धरतो. अमेरिकेतल्या पाहण्यांत या आजाराच्या एक तृतीयांशाहून अधिक मुलांच्या मेंदूत अठराव्या वर्षापर्यंत मूक इजा आढळतात. हात-पाय लुळे पडत नाहीत, बोलणे अडखळत नाही, डॉक्टरांनी तपासून काही सापडत नाही. पण एमआरआयमध्ये खोल श्वेतद्रव्यात डाग दिसतात आणि मूल शाळेत मागे पडत जाते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अशा मुलांना नियमित रक्त दिल्यावर नव्या इजेचे प्रमाण १४ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आले. म्हणजे प्रतिमेने दाखवले आणि उपायाने फरक पडला. आपल्याकडचा सिकलसेल जनुकाचा प्रकार आफ्रिकेतल्यापेक्षा वेगळा आहे. इथल्या मुलांत हे डाग किती, हे इथेच पाहावे लागेल. १ जुलै २०२३ रोजी शहडोलला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेचा भर रक्ततपासणी आणि कार्डांवर आहे. ते आवश्यकच आहे, पण रक्त तपासून मेंदू कळत नाही. दुसरा प्रश्न कपाशीचा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा चर्चा फवारणाऱ्या पुरुषांची झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण टाकीसाठी पाणी आणणे, फवारलेल्या रानात निंदण, पुढे वेचणी, ही कामे बायांकडे असतात, आणि त्यांतल्या कितीतरी जणी गरोदर असतात. न्यूयॉर्कमध्ये गर्भावस्थेत क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाचा संपर्क जास्त आलेल्या मुलांची तुलना कमी संपर्काच्या मुलांशी २०१२ साली केली गेली. मेंदूच्या पृष्ठभागावर जे बदल दिसले त्यांचे मूळ खालच्या श्वेतद्रव्यात होते. चाळीसच मुलांचा तो अभ्यास, त्यावर फार भार टाकता येणार नाही. पण तिथला संपर्क घरात मारलेल्या औषधाचा होता. इथे तर शिवारच्या शिवार फवारले जाते, आणि असा अभ्यास करायचा तर तो कपाशीच्या मुलखातच करायला हवा.

आता सर्वांत रास्त आक्षेप. उपाशी मुलाला अन्न द्या, एमआरआय कसला करता? या आक्षेपामागचा संताप मला मान्य आहे. प्रतिमेने पोट भरत नाही. आणि अन्न, लोह, लसीकरण यांतला एक रुपयाही कमी करून मशीन घ्यावे असे कोणी म्हणत असेल तर त्याला विरोधच करावा. जमैकात किंग्स्टनच्या गरीब वस्तीतल्या १२९ बुटक्या बालकांवर झालेला प्रयोग या आक्षेपाच्या बाजूने साक्ष देतो: आरोग्यसेविका दर आठवड्याला घरी जाऊन आईला मुलाशी खेळायला, बोलायला शिकवत होत्या, दोन वर्षांच्या त्या कामाचा परिणाम असा की वीस वर्षांनी ती मुले इतर बुटक्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के अधिक कमावत होती. तिथे कोणी मेंदूची प्रतिमा काढली नव्हती. मग हवी कशाला? त्याचे उत्तर त्या ‘वीस वर्षांनी’मध्येच आहे. धारणी तालुक्यात आज चालू असलेली एखादी योजना, गर्भवतींना एक वेळचा चौरस आहार देणारी २०१५ची अमृत आहार योजना म्हणा, मेंदूपर्यंत पोचते की नाही हे कळायला आपण वीस वर्षे थांबणार आहोत का? वजन वाढले म्हणजे मेंदूलाही पुरले, हे गृहीत आहे, सिद्ध झालेले नाही. वजन भरून येते त्या वेगाने मायलिन भरून येईलच असे नाही. चिलीच्या बाळांत रक्त सुधारले तरी संदेश मंदच राहिला होता. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आधी घरोघरचे मृत्यू मोजले, मग गावातल्याच बाईला नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले, आणि ३९ गावांत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला, हे १९९९ साली ‘लॅन्सेट’मधून जगाला सांगितले. मोजले नसते तर आज देशभर आशाताईंनी घरी जाऊन बाळ तपासण्याचा कार्यक्रम उभा राहिला नसता. त्यांनी मोजले ते जगण्या-मरण्याचे होते. वाचलेल्या मुलांच्या बाबतीत तेवढ्याच शिस्तीने मोजायची वेळ आता आली आहे.

दुसरा आक्षेप शास्त्रज्ञांकडूनच येतो आणि तो तांत्रिक असला तरी वाचकाच्या खिशाशी निगडित आहे. मेंदूच्या प्रतिमा आणि बुद्धी किंवा वर्तन यांचे नाते इतके अंधूक असते की ते भरवशाने दाखवायला हजारो मुले लागतात. पंचवीस-तीस मुलांवरचे कितीतरी निष्कर्ष पुढे टिकत नाहीत, हे २०२२ साली स्कॉट मारेक आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले. हे मी पूर्णपणे स्वीकारतो, आणि त्याचा पहिला परिणाम असा की ज्याचे मूल अभ्यासात मागे आहे त्याने केवळ त्यासाठी एमआरआय काढायला जाऊ नये. फिट येत असेल, एक अंग कमजोर असेल, येत असलेल्या गोष्टी मूल विसरू लागले असेल, तर डॉक्टर सांगतील ती तपासणी करावी. पण ‘श्वेतद्रव्य कमी आहे का बघा’ या प्रश्नाला आज एका मुलापुरते खात्रीचे उत्तर नाही. जो ते देईन म्हणतो तो फसवतो आहे. प्रतिमा बोलते ती गटाविषयी. आणि योजना गटासाठीच असते. शंभर गावांत आहारासोबत बी-१२ दिले, शंभर गावांत नुसता आहार दिला, दोन्हीकडच्या दोन वर्षांच्या मुलांत फरक पडला का, हा प्रश्न प्रतिमेला विचारता येतो. अशा वेळी गावे चिठ्ठ्या टाकून निवडली असतील तर आधीचे सगळे भेद दोन्ही बाजूंना सारखे वाटले जातात, आणि कमी मुलांतही उत्तराला वजन येते. बुखारेस्टमध्ये २००० साली सुरू झालेला प्रकल्प असाच होता: अनाथालयातल्या १३६ बालकांपैकी निम्म्यांना चिठ्ठीने कुटुंबांत ठेवले गेले. मुले आठ वर्षांची झाल्यावर पाहिले तर अनाथालयात राहिलेल्यांच्या श्वेतद्रव्याच्या काही मार्गांत बाधा दिसली, आणि कुटुंबात गेलेल्यांचे त्यांतले काही मार्ग घरीच वाढलेल्या मुलांसारखे झालेले होते. एवढ्या लहान संख्येवर अंतिम शब्द कोणी म्हणणार नाही. पण प्रश्न विचारण्याची रीत ही आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. मेळघाटातल्या कोरकू आदिवासी मुलांच्या मेंदूची तुलना अमरावतीच्या कॅम्प भागातल्या मुलांशी केली, आणि फरक निघाला, तर तो फरक उद्या कुणाच्या हातात जाईल? ‘यांचे मेंदूच असे’ असे म्हणणारे निघणार नाहीत याची हमी कोण देणार? ही भीती इतिहासातून आलेली आहे. हर्बर्ट रिस्ले या ब्रिटिश अधिकाऱ्याने या देशातल्या माणसांची नाके मोजून त्यांची उतरंड लावली. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर चार खंड काढले आणि त्यात कोरकूंच्या स्वभावावरही निवाडे दिले. मोजणारा आपल्या जागी बसून दुसऱ्याला पायरी ठरवून देतो, हा त्या मोजण्यातला दोष होता. उपाय मोजणे सोडण्यात नाही, तुलना बदलण्यात आहे. जमात विरुद्ध जमात अशी तुलना करायचीच नाही. ज्या गावात पूरक आहार वेळेवर पोचला आणि ज्या गावात पावसाळ्यात चार महिने पोचला नाही, ज्या आईला लोहाच्या गोळ्या मिळाल्या आणि जिच्या उपकेंद्रात त्या नव्हत्या, त्या मुलांची आपापसांत तुलना करायची. मग निघालेल्या फरकाचे उत्तर मुलाला किंवा त्याच्या जातीला द्यावे लागत नाही. ते जिल्हा परिषदेला, आरोग्य खात्याला, महिला व बालविकास विभागाला द्यावे लागते. भाषेचेही तसेच आहे. बॉस्टनमध्ये चार ते सहा वर्षांच्या ४० मुलांवरच्या २०१८च्या अभ्यासात मोठ्यांशी होणारी बोलाचाली जितकी जास्त, तितके भाषेशी संबंधित श्वेतद्रव्याचे मार्ग अधिक मजबूत आढळले. नुसते कानावर पडणारे शब्द नव्हे, तर मूल बोलले, मोठ्याने उत्तर दिले, मूल पुन्हा बोलले, अशी देवाणघेवाण. घरात कोरकू बोलणारे मूल अंगणवाडीत जाऊन मराठीपुढे गप्प बसते, तेव्हा त्याची दिवसातली किती बोलाचाली बुडते, हा प्रश्न या अभ्यासाने उभा केला आहे. त्याचे उत्तर ‘कोरकू मूल बोलत नाही’ हे नव्हे. अंगणवाडीत त्याच्याशी कोरकूत बोलणारे कोणी आहे का, हे आहे.

राहिला प्रश्न जमेल का, याचा. अमरावती आणि अकोला शहरांत एमआरआय मशीन आहेत, पण त्यांवर रुग्णांची रांग असते आणि धारणीहून परतवाड्याच्या घाटाने अमरावतीला यायचे म्हणजे दीडशे किलोमीटरचा प्रवास; तान्हे बाळ घेऊन, एक दिवसाची मजुरी बुडवून, निरोगी मुलासाठी ही तंगडतोड कोणाला सांगता येणार नाही. २०२० साली अमेरिकेत मान्यता मिळालेले एक चाकांवरचे मशीन या बाबतीत आशादायक आहे. त्याचे चुंबकक्षेत्र ०.०६४ टेस्ला, म्हणजे रुग्णालयातल्या दीड टेस्लाच्या मशीनच्या तेविसाव्या हिश्श्याइतके. त्याला हेलियम लागत नाही, ते साध्या प्लगवर चालते, आणि आईला बाळाच्या शेजारी बसता येते. चित्र धूसर येते, तंतूंच्या दिशा त्यात मोठ्या मशीनइतक्या बारकाईने दिसत नाहीत; पण मायलिनची ढोबळ वाढ आणि आकारमान मोजता येते. आफ्रिका आणि दक्षिण आशियातल्या केंद्रांमधून बालकांच्या अभ्यासासाठी अशी मशीन वापरली जात आहेत. ढाक्याच्या मीरपूर वस्तीतल्या दोन-तीन महिन्यांच्या बाळांच्या प्रतिमा नैसर्गिक झोपेत घेतल्या गेल्या. उत्तर प्रदेशातल्या शिवगडला खेड्यातल्या बाळांच्या डोक्यावर प्रकाशकिरणांची टोपी चढवून मेंदूचा रक्तप्रवाह मोजला गेला आणि ते काम २०१९ साली प्रसिद्ध झाले. मीरपूरला आणि शिवगडला जमले ते धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयात जमणार नाही असे मानायला कारण नाही.

कठीण आहे ते यंत्राबाहेरचे. संमतीचा कागद कोरकूत समजावून सांगावा लागेल, आणि सांगणारी बाई गावातली हवी. ‘नाही’ म्हटले तर टीएचआरचे, म्हणजे घरी न्यायच्या पूरक आहाराचे, पाकीट बंद होणार नाही, हे तिने आधी सांगायला हवे. प्रतिमांत अनपेक्षित आजार निघाला तर त्या मुलाच्या उपचाराची सोय आधी ठरलेली हवी, नंतर शोधायची नव्हे. माहिती अमरावती-अकोल्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांत राहायला हवी, तिचे विश्लेषण करणारी मुले-मुली इथे तयार व्हायला हव्यात. प्रतिमा इथे काढायच्या आणि शोधनिबंध दुसरीकडे लिहायचे, हे चालू देऊ नये. आणि वेळापत्रक तर मेळघाटालाच विचारून ठरवावे लागेल. दिवाळीनंतर गावेच्या गावे मजुरीला खाली उतरतात, लहान मुलेही सोबत जातात. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी असा नियम कागदावर ठेवला तर निम्मी मुले सापडणार नाहीत, आणि जी सापडणार नाहीत ती सर्वांत गरीब घरांतली असतील, म्हणजे अभ्यासाला ज्यांची सर्वाधिक गरज तीच त्यातून गळतील. कोरकू कुटुंबे होळीला मात्र गावी परततात. म्हणून मशीन धारणीला आणायचे तर पहिली फेरी दिवाळीच्या आधी आणि दुसरी होळीच्या आठवड्यात धरावी लागेल, त्या आठवड्यात रुग्णालयाचे कर्मचारी सुटीवर जाणार नाहीत याची व्यवस्था करून.